सुम्या, तुझा खटका अजून वर आहे

ऐक ना सुम्या, आधी हे ऐक, बाकीचं मग. सर्व्हर लई लॅग मारायला लागलाय. आत्ता गेममधे गेले, समोरचा दगडाचा ठोकळा फोडला, फुटला, मी पुढं पाऊल टाकलं आणि ठोकळा परत जाग्यावर. सरळ नाकावर. आवेजची गाय बघितली तर एकाच ठिकाणी पाय हलवतीय, चालतीय चालतीय आणि तिथंच. तू असतास तर म्हणाला असतास, "सर्व्हर जेवायला बसलाय गं, हात धुऊन येऊ दे त्याला." मी हे मोठ्यानं म्हणले पण. घरात कोणी हसलं नाही, कारण मी कोणाशी बोलतीय हेच कोणाला कळलं नाही.

आवेज म्हणाला, लिही, ग्रुपवर टाकू, सगळे वाचतील. म्हणून लिहितीय. नाहीतर तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक बोललेच की तुझ्यावर. शाळा, आयटीआय, वायरमनचा ट्रेड, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तू! गेममधलं एक नरसाळं मी चुकीच्या तोंडानं बसवलं म्हणून माझ्याशी बोलणं टाकणारा तू! मी मागच्या रांगेत बसून हसले आणि मम्मीनं मला चिमटा काढला. कोणीतरी म्हणलं, "पोरगं मोबाईलमधे लई असायचं, तेवढं सोडलं तर गुणाचं." तेवढं सोडून काय राहतं रे तुझ्यात? मला उठून सांगायचं होतं की हा मोबाईलमधे काय करत होता ते विचारा मला. नाही उठले. आता सांगते.

मावशी आणि काका दिवाळी झाली की टोळीबरोबर कोपरगावकडं ऊसतोडीला जायचे आणि तू तुझी पिशवी घेऊन आमच्या दारात. अर्धं वर्ष आमच्या घरी शेवगावला, अर्धं तुझ्या गावाला. शाळेत नव्या बाईंना दरवर्षी सांगावं लागायचं, हा माझा सख्खा भाऊ नाही, मावसभाऊ आहे. त्या म्हणायच्या, मग भांडता का सख्ख्यासारखे? आपण मम्मीच्या मोबाईलवरून भांडायचो. गेम तेव्हाच लागला. सगळं जग ठोकळ्यांचं, माती ठोकळ्यांची, ढग ठोकळ्यांचे, आणि आपण दोघं एकाच स्क्रीनवर, तू चालवणार आणि मी ओरडणार, "डावीकडं! अरे डावीकडं! खड्डा आहे!" तू हमखास खड्ड्यात पडायचास आणि म्हणायचास, "बघत होतो किती खोल आहे."

उन्हाळा लागला की टोळी परत यायची. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, मावशी उतरायची, आणि तिच्या हातात दरवर्षी वाटेत घेतलेलं कलिंगड. तू कधी पळत जाऊन आईच्या गळ्यात वगैरे पडला नाहीस. जाऊन तेवढं कलिंगड तिच्या हातातून घ्यायचास आणि मान खाली घालून म्हणायचास, "लई जड आहे." ती म्हणायची, "मंग काय, तुझ्यापरीस जड हाय." झालं. एवढंच बोलणं तुमचं.

गेममधे सगळे पहिलं मशीन उसाचं करतात, कारण ते सोपं. ऊस तीन ठोकळ्यांएवढा वाढला की शेजारच्या ठोकळ्याला ते दिसतं. त्या ठोकळ्याला आपण डोळा म्हणायचो. डोळ्याला दिसलं की लाल भुकटीच्या रेषेतून करंट जातो, पिस्टन ढुशी देतो, ऊस तुटतो, खाली नरसाळ्यात पडतो, नरसाळ्यातून पेटीत. बुडखा तसाच राहतो आणि परत फुटतो. माणसाचं कामच नाही. मी लई मोठं केलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिस्टनच पिस्टन, एकदम ठकठकठकठक. तुला दाखवलं. "छान," म्हणालास आणि निघून गेलास. मला इतका राग आला! मग कळलं तू डोंगराच्या मागं जाऊन कलिंगडाचं मशीन केलंय. तसंच, डोळा आणि पिस्टन, पण कलिंगडाचं. मी विचारलं, कलिंगडच का रे? म्हणालास, "गोल असतंय म्हणून."

सुम्या, त्या गेममधे कलिंगड पण चौकोनी आहे.

आवेजच्या अब्बांचं घोडेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्याच्या काउंटरखाली आवेजनं जुना कॉम्प्युटर ठेवला आणि त्याचा सर्व्हर केला, तेव्हा आपण सगळे एका जगात आलो. काय दिवस होते! शाळेतले, ट्यूशनचे, पुण्याला शिकायला गेलेले, सगळे एका माळावर. प्रत्येकाचं मशीन. आणि मग लॅग. सर्व्हरला प्रत्येक पिस्टनचं, प्रत्येक नरसाळ्याचं, प्रत्येक कोंबडीचं गणित सारखं करावं लागतं, आणि तो बिचारा घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराची धूळ खाऊन दमलेला कॉम्प्युटर. ग्रुपवर काय राडा झालता!

"भावांनो, कोणाचं तरी मशीन काढावं लागतंय," आवेज.

"तुझं काढ मग."

"माझं लोखंडाचं आहे. माझ्यावर तुम्ही सगळे जगताय."

"प्रज्ञाचं काढा. पोरीनं अख्खा कारखाना टाकलाय."

"हात तर लावून दाखवा," मी.

तू तेव्हा पप्पांबरोबर रानात पाण्याची दारं धरायला गेलता. आलास तो गुडघ्यापर्यंत चिखल, पाय पण धुतले नाहीस, उंबऱ्यावर बसून टाईप केलंस, "कोणाचंच काढायचं नाही. बारी लावू."

पप्पांची आणि दोन्ही चुलत्यांची विहीर सामाईक ना. तिघांनी एकदम पाणी ओढलं तर कोणालाच पोचत नाही, म्हणून बारी. आज याचं रान, उद्या त्याचं. आणि ज्याची बारी संपली तोच दारं मोडणार, म्हणजे पाटाची माती ओढून पाणी पुढच्याच्या रानाकडं वळवणार, आणि बांधावरून हाक मारणार. तू तसंच्या तसं गेममधे आणलंस. माळावर भिंत बांधलीस, प्रत्येकाच्या नावाची पाटी, पाटीखाली खटका. खटका वर केला की त्याचं मशीन चालू, बाकी सगळ्यांची बंद. आपली बारी झाली की आपला खटका खाली करायचा आणि चॅटवर लिहायचं, "दारं मोडलं", आणि पुढच्याचं नाव. लॅग गेला! एका दिवसात! आवेजची गाय पळायला लागली! आणि तू एकच नियम घातलास, दुसऱ्याचं दारं आपण मोडायचं नाही. तो झोपला असू दे, विसरला असू दे, फोन करा, शिव्या द्या, पण खटक्याला हात लावायचा नाही.

खरं सांगू? मला तो नियम अजिबात पटला नव्हता. लोक विसरायचे. तो पुण्याचा वैभव, याची बारी आली की हा हमखास पिक्चरला. आपण सगळे ताटकळत. म्हणून मी घड्याळ बनवलं. भिंतीच्या मागं, दोन नरसाळी समोरासमोर, यातली वस्तू त्यात, त्यातली यात, रिकामं झालं की करंट पुढच्या मशीनला. कोणी विसरायचा प्रश्नच नाही. मला वाटलं तू नाचशील. तू भिंतीच्या मागं उभा राहून नुसता बघत राहिलास.

"चालतंय तर भारी," म्हणालास.

"मग जोडू?"

"नको."

"का नको?"

"हाक कोण मारणार मग?"

"हाक कशाला पाहिजे? आपोआप होईल ना!"

"तेच म्हणतोय मी."

"सुम्या, तू वायरमन आहेस का कीर्तनकार?"

"प्रज्ञे, तू बारी घालवायला निघालीयेस आणि मला नावं ठेवतीस?"

किती दिवस चाललं ते भांडण! जेवताना, गाडीवर, मम्मी मधे ओरडायची, "अरे कसली बारी, कसलं घड्याळ, भाकरी गार होतीय." मला तेव्हा वाटायचं तू उगाच अडून बसलायस. दिवाळीची गोष्ट मला तेव्हा आठवलीच नाही.

दिवाळीत मावशी निघायच्या आधी मी तिला माझं उसाचं मशीन दाखवलं होतं. ती लई हसली. "एवढा बुडखा ठिवलाय व्हय? आसं तोडलं तर मुकादम उभा करायचा न्हाई मला." मग निरखून बघत राहिली. "ह्याला भाकरी लागती का गं?"

"नाही मावशी, काहीच नाही लागत."

"झोप?"

"ती पण नाही."

"मंग आमचं काय काम ऱ्हायलं," म्हणाली आणि परत हसली. मी पण हसले. तू उठून बाहेर गेलास. नंतर मला गच्चीवर गाठून म्हणालास, "आईला ते परत दाखवू नको." का म्हणून मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. घड्याळ बघताना तुझ्या डोक्यात तेच होतं का? का मी आता उगाच जोडतीय? हे मला तुला विचारायचं होतं रे. सगळ्यात जास्त हेच.

मग तू कोपरगावला मावशी-काकांना भेटायला गेलास आणि येताना ताप घेऊन आलास. इथं सलाईन लावलं, उतरेना, नगरला न्यायचं ठरलं. गाडीत बसताना तुझं तोंड एवढंसं झालं होतं तरी मला म्हणालास, "माझी बारी चालू आहे. आल्यावर मोडतो. आणि घड्याळाला हात लावायचा नाही, आल्यावर बोलू." मी म्हणले, "ये तर आधी, मग बघते तुला."

तुझा खटका वर आहे, सुम्या. तेव्हापासून. आणि कोणी खाली करत नाही. तू म्हणाला होतास ना, आल्यावर मोडतो. सगळ्यांची मशीन बंद, ऊस वाळल्यासारखा उभा, आणि डोंगराच्या मागं तुझं एकट्याचं चालूय, ठक, ठक. पेट्या कधीच्या भरल्या. नरसाळी तुंबली. कलिंगडाच्या फोडी खाली सांडतायत आणि आवेजनं मागं ती सेटिंग केली होती ना, पडलेली वस्तू गायब व्हायची नाही, त्याची तलवार हरवली म्हणून? ती तशीच आहे. म्हणजे तू पिकवलेली एक पण फोड गेलेली नाही. डोंगराच्या मागं नुसता लाल ढीग आहे आणि सर्व्हर त्यातली एक एक फोड मोजत बसलाय. त्याचाच लॅग. आवेज म्हणतो एका कमांडनं साफ होईल. मग कर ना, मी म्हणले. तो म्हणाला, "तू कर." आणि साफ करून तरी काय, खटका वर आहे तोवर परत भरणारच.

मग त्यानं हळूच विचारलं. "प्रज्ञे, तुझं घड्याळ जोडू या का? म्हणजे आपोआप बारी पुढं जाईल. कोणालाच हात लावायला नको."

मी भिंतीच्या मागं गेले. घड्याळ तयार आहे, फक्त एका घरात लाल भुकटी टाकायची राहिलीय. एक चिमूट. टाकली की मी जिंकले. हातात घेऊन उभी राहिले आणि मला तुझा इतका राग आला! असं कोणी जिंकू देतं का? समोर ये ना. कीर्तनकार म्हणू दे ना अजून एकदा.

नाही टाकली.

वरचं लिहून तसंच ठेवलं होतं. आता पुढचं ऐक, कारण लई झालंय मधे.

मी चटईवर बसून ती भिंतच बघत होते तर मावशी शेजारी येऊन बसली. कार्यक्रमानंतर ती आमच्याकडंच होती. "काय बघती गं?"

"सुम्याचं मशीन."

"चालू हाय?"

मी सगळं सांगितलं. विहीर, बारी, खटका, तुझा नियम. मला वाटलं तिला काय कळणार गेममधलं. ती मात्र असं ऐकत होती की शेजारच्या रानातली गोष्ट चाललीय.

"आन् बाकीच्यांची?"

"बंद आहेत."

"कवापासनं?"

मी तुझ्या पाटीवर बोट ठेवलं. तिला कळलं.

"आगं मंग कोरडीच ठिवली व्हय सगळ्यांची रानं?" मावशी एकदम रागावली. खरंच रागावली! "ह्याला काय आर्थ हाय?"

"दुसऱ्याचं दारं मोडायचं नाही असं त्यानंच ठरवलं होतं."

"दुसऱ्यानं न्हाई मोडायचं. घरच्यानं मोडायचं." मग थांबली. "तुझा आजा गेला तवा पानी आमच्याच रानात चालू हुतं. दारात मानसं जमलेली. माझी आई उठली, पदर खोचला, बांधावर गेली, दारं मोडलं, चुलत्याला हाक मारली. मंग येऊन रडाय बसली. मेल्या मानसाच्या नावानं पानी आडवून न्हाई ठिवत, बाळा." हात पुढं केला. "कुठं दाबायचं?"

मी मोबाईल तिच्या हातात दिला. तुझ्या पाटीसमोर नेऊन उभं केलं. तिनं अंगठा ठेवला. काही नाही. परत ठेवला. काही नाही. उसाच्या पाचटानं चिरून चिरून तिच्या अंगठ्याची कातडी अशी झालीय की स्क्रीनला तो अंगठा कळेचना, आणि वरून लॅग. "घेत न्हाई गं," म्हणाली. मी म्हणले, "थांब, त्याला वेळ लागतो." तिनं अंगठा साडीला घासला आणि दाबून धरला.

खटका खाली आला.

ते ठक ठक थांबलं. घरात ते आपल्याला कधी ऐकू येत नव्हतं, पण थांबलं तेव्हा कळलं. आणि मावशीनं मान वर करून, मी तिच्या मांडीला मांडी लावून बसलीय तरी, रानातल्यासारखी हाक मारली, "प्रज्ञेऽऽ, दारं मोडलं गंऽऽ!" मम्मी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून पळत आली.

तुझ्यानंतर माझीच बारी होती ना.

मग मावशी रडायला बसली.

आवेजनं फोडी साफ केल्या. थोड्या आधी पेटीत भरून ठेवल्या, मला न सांगता, पण मी बघितल्या. मग चॅटवर एवढंच लिहिलं, "गाय चालली."

हंगाम अजून संपला नाही, टोळी अर्ध्यात सोडता येत नाही, म्हणून मावशी-काका परत कोपरगावला गेले. निघताना मावशीनं विचारलं, "परत कवा येती त्याची बारी?"

"सगळ्यांची फिरून झाली की."

"नाव काडू नका त्याचं. मला हाक मार." तुझा मोबाईल तिनं पिशवीत टाकला. त्याच्या आधी मी तिला शिकवलं, कुठं दाबलं की चालतं, कुठं दाबलं की वळतं. ती सारखी आभाळाकडं बघायची गेममधे, मान खालीच येईना. "आसा कसा उभा ऱ्हायचा गं हा," म्हणाली तुला.

बारी फिरली. एक पण जण विसरला नाही, वैभव सुद्धा. आज आवेजची संपली. त्यानं लिहिलं, "दारं मोडलं." मग लिहिलं, "सुमेध."

मी काकांच्या मोबाईलवर फोन लावला. मागं कोयत्यांचा आवाज, कोणीतरी मोळी बांधायला ओरडत होतं.

"मावशी, दारं मोडलंय. सुम्याची बारी."

"थांब गं, हात चिकाट झाल्यात, पुसते."

मी फोन कानाला लावून मम्मीच्या मोबाईलवर भिंतीसमोर उभी राहिले. बघते तर सगळेच आलेले, आवेज, वैभव, सगळे, रांगेत. कोणी ठरवलं नव्हतं. आणि मग खाली पिवळ्या अक्षरात आलं, सुमेध आत आला.

तू आभाळाकडं बघत उगवलास. झाडावर आपटलास, पाण्यात गेलास, बाहेर आलास, खड्ड्यात पडलास. आम्ही बाजूला होऊन वाट दिली. भिंतीपाशी पोचलास, आधी वैभवच्या पाटीसमोर, मग सरकत सरकत तुझ्या.

घड्याळ मी मोडलं नाही आणि जोडलंही नाही. ती चिमूट माझ्याकडंच आहे. भांडण अर्धं आहे आपलं, मी ते सोडलेलं नाही.

खटका वर गेला. फोन चालूच होता.

"पोचलं का गं पानी?" मावशीनं विचारलं.

डोंगराच्या मागून आवाज आला. ठक.

"पोचलं," मी म्हणले.